दर्ग्याचा कठडा आणि मशिदीचा जिना

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मुस्लिम समाजातील बदलांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन ठरावीक वाक्यांवर येऊन थांबते. एक वाक्य असे की, हा समाज बदलतच नाही. चौदाशे वर्षांपूर्वी जे ठरले ते ठरले. दुसरे वाक्य असे की, शिक्षण आणि शहरीकरण वाढले म्हणजे सारी बंधने आपोआप सैल होतील. दोन्ही वाक्ये सोयीची आहेत, कारण दोन्हींमुळे अभ्यासाचे कष्ट वाचतात. वस्तुस्थिती यांपैकी कोणत्याच वाक्यात बसत नाही. भारतीय मुसलमानांच्या सामूहिक उपासनेकडे गेल्या पंधरा-वीस वर्षांच्या काळात बारकाईने पाहिले तर एकाच समाजात, एकाच वेळी, एक दार बंद होताना दिसते आणि दुसरे उघडताना दिसते. बंद होऊ पाहणारे दार दर्ग्याचे आहे, उघडू पाहणारे मशिदीचे आहे. आणि दोन्ही दारांशी उभी आहे ती मुस्लिम स्त्री.

प्रथम दर्ग्याकडे वळू. मुंबईत वरळीच्या किनाऱ्यापासून थोडे आत, समुद्रातील खडकावर पीर हाजी अली शाह बुखारी यांचा दर्गा आहे. परंपरा त्याचा काळ १४३१ सांगते. भरतीला तिथली वाट पाण्याखाली जाते, ओहोटीला पुन्हा उघडी पडते. गुरुवारी आणि शुक्रवारी तिथे जी गर्दी लोटते, ती केवळ मुसलमानांची नसते. मुलाच्या आजारपणासाठी नवस बोलणारी आई कोणत्या धर्माची आहे हे पिराने विचारले नाही, आणि मुजावरानेही नाही. महाराष्ट्रातील कितीतरी दर्ग्यांच्या बाबतीत असेच म्हणता येईल. या श्रद्धेविषयी कोणाचे काहीही मत असो, पिढ्यान् पिढ्या ती वाहिली ती प्रामुख्याने स्त्रियांनी, हे नाकारता येणार नाही.

या हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत जाऊन चादर आणि फुले वाहण्याची मोकळीक स्त्रियांना होती. मार्च २०११मध्ये भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या तिथे गेल्या, तेव्हाही ती होती. जून २०१२मध्ये त्या पुन्हा गेल्या, तेव्हा मजारीच्या दालनापाशी पोलादी कठडा उभा होता आणि स्त्रियांना त्यापुढे मज्जाव होता. म्हणजे ज्याला वृत्तपत्रांनी पुढे ‘शतकानुशतकांची रूढी’ ठरवून टाकले, तिचे वय फार तर सव्वा वर्ष होते!

विश्वस्तांनी या बंदीची जी कारणे दिली, ती मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेली आहेत. एक कारण स्त्रियांच्या पोशाखासंबंधी होते; मजारीवर वाकताना मर्यादाभंग होतो, असे त्यांचे म्हणणे. दुसरे सुरक्षेचे होते. तिसरे कारण असे की, पूर्वी आपल्याला शरीयतमधील तरतुदी ठाऊक नव्हत्या, त्यामुळे चूक घडत होती, आता ती दुरुस्त केली आहे. पहिली दोन कारणे कुठल्याही देवस्थानाच्या कार्यालयात ऐकायला मिळतात. त्यांत नवे काही नाही. तिसरे मात्र थांबून वाचण्यासारखे आहे. आजोबा-पणजोबांच्या काळापासून ज्या घरांतील बायका पिराच्या पायाशी बसत आल्या, त्या घरांना अचानक आपले आजोबा चुकीचे वाटू लागले. का वाटू लागले?

याचे उत्तर अज्ञानात नसून साक्षरतेत आहे, असे म्हटले तर अनेकांना धक्का बसेल. जुना श्रद्धाळू मुसलमान ग्रंथापेक्षा घरच्या वळणावर चाले. आई उरुसाला नेई, म्हणून मुलगी जाई. धर्मशास्त्रात काय लिहिले आहे हे मौलवी जाणे. छापील पुस्तके आली, ध्वनिफिती आल्या, दूरचित्रवाहिन्यांवरील धर्मोपदेशक आले आणि अखेर प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल आला. ‘आपण करतो ते ग्रंथात आहे काय?’ हा प्रश्न आता दुकानदार, अभियंता, आखातातून परतलेला तंत्रज्ञ असा कोणीही विचारू लागला. कबरीपाशी जाणाऱ्या स्त्रियांविषयी निषेधाचा सूर काढणारी हदीस आहे, तशीच कबरींना भेट देण्यावरील पूर्वीची मनाई उठवणारीही हदीस आहे. कोणती पुढे करायची हे त्या त्या काळाच्या कलावर ठरते. हे केवळ देवबंदच्या प्रभावाने झाले, असे समजणेही अपुरे ठरेल. दर्ग्यांना मानणाऱ्या बरेलवी परंपरेचे अग्रणी अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांचेही मत स्त्रियांनी मजारींवर जाऊ नये असेच होते. त्यांच्या अनुयायांच्या घरांतील बायकांनी ते मनावर घेतले नाही, एवढेच. दीर्घकाळ ग्रंथाने एक सांगितले आणि बायकांनी दुसरे केले. मुंबईत २०१२मध्ये उभा राहिला तो कठडा या दोहोंमधील जुन्या तडजोडीवर उभा राहिला.

सगळीकडे असेच झाले, असा मात्र निष्कर्ष काढू नये. अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्यात स्त्रिया आत जातात. उलट दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात त्या मुख्य कबरीच्या दालनात जात नाहीत. २०१८च्या डिसेंबरात पुण्यात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या काही विद्यार्थिनींनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. दर्ग्याबाहेर लावलेली मनाईची पाटी त्यांनी पाहिली होती. या निजामुद्दीनच्या आवारातच शाहजहानची कन्या जहानआरा १६८१पासून चिरनिद्रा घेत आहे. ख्वाजा मोईनुद्दीन यांचे चरित्र लिहिणारी, अजमेरच्या दर्ग्यात बेगमी दालान उभारणारी, आग्र्याची जामा मशीद स्वखर्चाने बांधविणारी ही राजकन्या. ज्या परंपरेत एका स्त्रीने मशीद बांधली, तिथे स्त्रीने कुठवर जावे हा वाद आज चालावा, यापरता काळाचा विनोद कोणता?

हाजी अलीचा कठडा न्यायालयात गेला तो २०१४मध्ये. याचिकाकर्त्या होत्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमण. निकाल लागण्यापूर्वीच, २०१६च्या आरंभी, महाराष्ट्रात दुसरे एक प्रकरण पेटले होते, ते शनिशिंगणापूरचे. चौथऱ्यावर स्त्रियांनी चढावे की नाही यावर गावोगाव वाद झाले. १ एप्रिल २०१६ रोजी उच्च न्यायालयाने स्त्रियांचा हक्क स्पष्ट केला आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, विश्वस्तांनी चौथरा स्त्रियांना खुला केला. हिंदू समाजातील काहींना तो निर्णय रुचला नाही, काहींनी आंदोलकांच्या हेतूंवर शंका घेतली. पण आठवड्याभरात वाद मिटला आणि शनिदेवाचे काही बिघडले नाही.

दोन्ही प्रकरणे एकाच मापाने मोजण्याचा मोह तेव्हा अनेकांना झाला. कायद्याच्या दृष्टीने त्यांत एक मोठा फरक होता आणि तो फारसा कोणी सांगितला नाही. शिंगणापूरच्या पाठीशी १९५६चा राज्याचा कायदा होता. हिंदूंच्या सार्वजनिक उपासनास्थळांत कोणाही हिंदूला प्रवेश नाकारता येणार नाही, असे तो सांगतो. न्यायालयाला त्या कायद्याकडे केवळ बोट दाखवायचे होते. आणि तो कायदा आकाशातून पडलेला नव्हता. त्यामागे १९३०चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह होता, १९३१मध्ये रत्नागिरीत उभे राहिलेले पतितपावन मंदिर होते, १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरला साने गुरुजींनी आरंभलेले उपोषण होते. कायदा आला तेव्हा जमीन नांगरून झाली होती. हाजी अलीसाठी असा कोणताही कायदा नव्हता. तिथे न्यायालयाला थेट राज्यघटनेचाच आधार घ्यावा लागला.

२६ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायमूर्ती व्ही. एम. कानडे आणि न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे यांच्या खंडपीठाने निकाल दिला. स्त्रियांना मजारीपर्यंत न जाऊ देणे ही इस्लामची अनिवार्य धर्मप्रथा आहे, हे विश्वस्तांना सिद्ध करता आले नाही. घटनेच्या अनुच्छेद १४, १५ आणि २५ यांचा या बंदीने भंग होतो. अनुच्छेद २६ने धर्मसंस्थेला आपला कारभार पाहण्याचा अधिकार दिला आहे खरा, पण सार्वजनिक न्यासाने त्याच्या आडून स्त्रियांचा हक्क हिरावून घ्यावा, इतका तो अमर्याद नाही. शिवाय पूर्वी प्रवेश होता आणि मग तो काढून घेतला, ही गोष्ट विश्वस्तांच्या बाजूला फारच जड गेली. अनिवार्य प्रथा २०१२मध्ये अचानक कशी सुरू होईल?

येथे या सभागृहात बसलेल्यांपैकी काहींच्या मनात एक शंका आली असेल आणि ती रास्त आहे. मंदिरांच्या कारभारातून सरकारने हात काढावा, असे आपण अनेक वर्षे म्हणत आलो आहोत. मग दर्ग्याच्या विश्वस्तांनी अनुच्छेद २६चा आधार घेतला, तर त्यांना दोष कसा द्यायचा? याचे सोपे उत्तर नाही. कोणती प्रथा धर्माला अनिवार्य आणि कोणती नाही, हे न्यायाधीशांनी ठरवावे ही गोष्टच मुळात अवघड आहे. २०१८च्या शबरीमला निकालानंतर हिंदू समाजानेही ती बोचणी अनुभवली. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शबरीमलाच्या फेरविचाराबरोबर मशीद-दर्ग्यांतील स्त्रियांचा प्रवेश, अन्यधर्मीयांशी विवाह केलेल्या पारशी स्त्रियांचा अग्यारीतील प्रवेश आणि दाऊदी बोहरा समाजातील खतना हे प्रश्न एकाच व्यापक विचारासाठी मोठ्या पीठाकडे सोपवले, ते याच अडचणीमुळे. आपल्या देवळापुरते एक तत्त्व आणि शेजाऱ्याच्या दर्ग्यापुरते दुसरे, अशी मांडणी टिकणारी नाही. तथापि पैशाचा आणि जमिनीचा कारभार ही एक गोष्ट आहे; भक्ताला दाराबाहेर उभे करणे ही दुसरी. पहिलीत सरकार नको, याचा अर्थ दुसरीत न्यायालयही नको, असा होत नाही.

विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे २४ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांनी स्वतःच स्त्रियांना प्रवेश देण्याची तयारी दर्शवली आणि व्यवस्थेसाठी चार आठवडे मागून घेतले. २९ नोव्हेंबरला आंदोलनातील स्त्रिया आत गेल्या. नव्या व्यवस्थेत स्त्री असो वा पुरुष, साऱ्यांनीच मजारीपासून काही अंतरावर उभे राहायचे असे ठरले. स्त्रियांना बरोबरीने आणण्यासाठी पुरुषांनाही दोन पावले मागे घेण्यात आले! समता अशीही येते.

या लढ्याची तुलना हमीद दलवाई यांच्या कार्याशी करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले आणि १९७७मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीच्या आतच, ते गेले. दलवाईंचा प्रश्न धर्मग्रंथाच्या बाहेरून येत असे. कुराणात काय आहे यापेक्षा नागरिक म्हणून स्त्रीला काय मिळाले पाहिजे, हे ते विचारत. समान नागरी कायद्याचा आग्रह धरणाऱ्यांना म्हणूनच ते जवळचे वाटत आले. हाजी अलीच्या स्त्रियांनी निराळी वाट धरली. घटना त्यांनी हाती घेतली, पण कुराणही खाली ठेवले नाही. ‘दर्गा आमचाही आहे, पीर आमचाही आहे, आणि आम्हाला अडवणारी आज्ञा ग्रंथात दाखवा,’ हा त्यांचा पवित्रा. तोंडी तलाकच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०१७च्या निकालापर्यंत याच आंदोलनाने हीच वाट चोखाळली. दलवाईंना समाजाबाहेरचा ठरवणे मौलवींना सोपे गेले. रोजा ठेवणाऱ्या, नमाज पढणाऱ्या बाईला समाजाबाहेरची ठरवणे तितके सोपे जात नाही. दोघांत थोर कोण, हा प्रश्न येथे नाही. मात्र दलवाईंनी एकट्याने सोसले म्हणून पुढच्यांना दोन माणसे बरोबर मिळाली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

आता दुसऱ्या दाराकडे, मशिदीकडे.

भारतातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी विचारसरणीचे आहेत आणि त्यांच्या मशिदींतून स्त्रिया सहसा दिसत नाहीत. वस्तुतः मदीनेत पैगंबरांच्या मशिदीत स्त्रिया पुरुषांच्या रांगांमागे नमाज पढत असत, आणि मक्केत काबागृहाची प्रदक्षिणा आजही स्त्री-पुरुष एकत्रच करतात. पुढच्या धर्मशास्त्र्यांनी गैरप्रकारांच्या भीतीने तरुण स्त्रियांना मशिदीपासून परावृत्त केले आणि भारतात त्या सल्ल्याचा जवळजवळ नियमच झाला. मक्केला जाऊन आलेली हाजी स्त्री आपल्या गल्लीतल्या मशिदीत मात्र पाऊल टाकत नाही, अशी ही स्थिती.

ही स्थिती सर्वप्रथम हलली केरळात, आणि गंमत अशी की ती कोणा उदारमतवाद्याने हलवली नाही. वक्कम अब्दुल खादर मौलवी (१८७३–१९३२) यांच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या आणि पुढे मुजाहिद म्हणून ओळखल्या गेलेल्या चळवळीने ती हलवली. त्यांची संघटना, केरळ नदवतुल मुजाहिदीन, १९५०ची. हे लोक दर्गा, उरूस, नवस यांचे कट्टर विरोधक. ‘मूळ ग्रंथाकडे चला’ हा त्यांचा घोष. पण मूळ ग्रंथाकडे जाता जाता त्यांना आढळले की, पैगंबरांच्या काळी तर स्त्रिया मशिदीत येत होत्या. म्हणून त्यांच्या मशिदी स्त्रियांना उघडल्या, आणि शुक्रवारचे प्रवचन, ज्याला खुतबा म्हणतात, ते मल्याळममध्ये होऊ लागले. पारंपरिक सुन्नी उलेमांची ‘समस्त’ ही १९२६ची संघटना या दोन्ही गोष्टींच्या विरोधात राहिली. पारंपरिकांनी दर्ग्याची श्रद्धा राखली पण मशिदीचे दार मिटून ठेवले, आणि सुधारकांनी नेमके उलटे केले. ‘ग्रंथाकडे परत’ या एकाच हाकेने मुंबईच्या दर्ग्यात कठडा उभा केला आणि मलबारच्या मशिदीत जिना बांधला. मूलतत्त्ववाद म्हणजे सर्वत्र अंधार आणि परंपरा म्हणजे सर्वत्र सहिष्णुता, असे कप्पे पाडणाऱ्यांनी या वस्तुस्थितीचे काय करायचे ते ठरवावे.

अर्थात सुधारकांनाही मर्यादा असतात. स्त्रीने नमाजाला यावे इथपर्यंत ते आले. स्त्रीने स्त्री-पुरुषांच्या जमावापुढे उभे राहून नमाज पढवावी, हे त्यांनाही पचले नाही. १८ मार्च २००५ रोजी अमेरिकेत डॉ. अमीना वदूद यांनी तसे केले, तेव्हा मशिदींनी नकार दिल्यामुळे ती नमाज न्यूयॉर्कमधील एका चर्चच्या इमारतीत झाली. २६ जानेवारी २०१८ रोजी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात कुराण सुन्नत सोसायटीच्या के. जमिदा यांनी शुक्रवारची नमाज पढवली आणि त्यांना धमक्यांना तोंड द्यावे लागले.

मशिदीत जाणे हा केवळ प्रार्थनेचा प्रश्न नाही. तमिळनाडूत, आणि इतरत्रही, मशिदीशी जोडलेली जमात म्हणजे पुरुषांची पंचायत घरगुती तंटे सोडवते. तलाक, पोटगी, मुलांचा ताबा हे विषय तिथे निघतात आणि जिचा संसार मोडतो आहे तिला बैठकीत जागा नसते, कारण बैठक मशिदीत आणि मशिदीत बायका नाहीत. तिच्या वतीने बाप किंवा भाऊ बोलणार. पुदुक्कोट्टईच्या दाऊद शरीफा खानम यांनी म्हणून स्त्रियांची स्वतंत्र जमात उभी केली आणि स्त्रियांच्या मशिदीचा संकल्प सोडला. उपासनास्थळाच्या उंबरठ्याला एवढे महत्त्व का, असे विचारणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

हज यात्रेच्या बाबतीत बदल तुलनेने शांतपणे झाला. पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांनी किमान चौघींच्या गटाने, मेहरम म्हणजे जवळच्या पुरुष नातेवाइकाशिवाय जाण्याची सोय भारत सरकारने २०१८च्या हजपासून केली. २०२३मध्ये अशा स्त्रियांची संख्या चार हजारांवर गेली. त्याआधी २०२१मध्ये सौदी अरेबियानेही आपला नियम सैल केला होता. फारसा गाजावाजा झाला नाही आणि मोर्चेही निघाले नाहीत.

पाऊल पुढे पडते तसे मागेही पडते. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीच्या दारांवर मुलींनी एकट्याने वा गटाने आत येऊ नये, असे फलक लागले. उपासनेसाठी येणाऱ्यांना मनाई नाही, भेटीगाठींसाठी येणाऱ्यांना आहे, असा खुलासा शाही इमामांनी केला. भेटीगाठींसाठी येणाऱ्या मुलांचे काय, हे त्यांनी सांगितले नाही. टीका झाली, दिल्लीच्या नायब राज्यपालांनी शब्द टाकला आणि फलक उतरले.

या साऱ्यात महाराष्ट्राचा वाटा पुन्हा पुण्यातून आला. तेथील एका दांपत्याने स्त्रियांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि एप्रिल २०१९मध्ये न्यायालयाने नोटिसा काढल्या. अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड विरोधात उभे राहील, अशी अनेकांची अटकळ होती. जानेवारी २०२०मध्ये बोर्डाने प्रतिज्ञापत्र दिले ते वेगळेच. स्त्रियांना नमाजासाठी मशिदीत येण्याची मुभा इस्लाम देतो, मात्र शुक्रवारची सामूहिक नमाज त्यांच्यावर बंधनकारक नाही. याविरुद्ध कोणी फतवा दिला असेल तर तो दुर्लक्षावा. २०२३मध्ये बोर्डाने हेच पुन्हा सांगितले आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र मिसळू नये, एवढी पुस्ती जोडली.

म्हणजे कागदावर वाद उरला नाही. पण नमाज कागदावर पढली जात नाही. दाट वस्तीतल्या मशिदीला बहुधा एकच दार असते, हातपाय धुण्याचा वजूखाना एकच, आणि तो पुरुषांचा. नोकरीला जाणारी, बाजारात आलेली, प्रवासात असलेली स्त्री नमाजाच्या वेळी कुठे जाणार? वरच्या मजल्यावर जागा असली तरी तिथे जाणारा जिना पुरुषांच्या रांगांमधून जातो. वेगळे दार पाडायचे, वेगळा जिना काढायचा, स्वच्छतागृह बांधायचे, तर विश्वस्त मंडळाचा ठराव लागतो, वर्गणी लागते, जुन्या इमारतीत भिंत फोडावी लागते. आणि तो ठराव मांडायला त्या मंडळात आज तरी बाई सहसा नसते.